लिनक्स टाकल्यावर संगणक सुरू होईना? फॉरमॅट करण्याआधी हे वाचा

घरात संगणक आहे, पण तो आठ-दहा वर्षांपूर्वीचा आहे, अशी स्थिती आज आपल्यातील अनेक कुटुंबांची आहे. कोणी तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वापरलेला घेतला. कोणाला कामाच्या ठिकाणी जुना झाला म्हणून मिळाला. कोणी हप्त्याने घेतला आणि हप्ते फिटेपर्यंत तो जुना झाला. मुलांचा अभ्यास, नोकरीचे अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म हे सर्व त्याच एका यंत्रावर चालते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित पाठबळ थांबवले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रांत तो नसतो. म्हणून पुष्कळ घरांतील मुले-मुली जुन्या संगणकावर लिनक्स टाकू लागली आहेत. लिनक्सला पैसे पडत नाहीत, ते जुन्या यंत्रावरही बरे चालते, म्हणून हा मार्ग चांगलाच आहे.

पण कधी कधी घात होतो तो लिनक्स टाकून झाल्यानंतर. 'आता संगणक पुन्हा सुरू करा' अशी सूचना येते, मुलगा बटण दाबतो आणि समोर काळी स्क्रीन. त्यावर दोन ओळी इंग्रजी आणि चमकणारी रेघ. घरात एकदम शांतता पसरते. वडील विचारतात, "काय केलंस रे?" आई म्हणते, "त्यात तुझे दाखले होते ना?" मग संगणक पिशवीत घालून दुकानात नेला जातो आणि दुकानदार एका शब्दात निकाल देतो, "फॉरमॅट."

वाचक बंधू-भगिनींनो, आमचे सांगणे एवढेच आहे की, सुरू न होणारा संगणक आणि खराब झालेला संगणक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिनक्स टाकल्यावर यंत्र अडते तेव्हा बहुतेक वेळा आतला माल जागच्या जागी असतो. हरवलेला असतो तो मालापर्यंत जाण्याचा पत्ता. पत्ता पुन्हा लिहिता येतो. फॉरमॅट केले की माल जातो.

लिनक्स हे काय आहे?

ज्यांच्या कानावर हे नाव प्रथमच पडत आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. संगणकाचे सर्व भाग ज्या मूळ प्रणालीच्या आज्ञेने चालतात, तशी विंडोज ही एक प्रणाली आहे आणि लिनक्स ही दुसरी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत जीएनयू नावाचे काम जाहीर केले. कोणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता येईल अशी प्रणाली उभारायची, हा त्यामागचा हेतू. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहिला. या दोन्हींच्या आधारावर पुढे अनेक प्रणाली तयार झाल्या. उबुंटू २००४ मध्ये आली, तर लिनक्स मिंट २००६ मध्ये. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची प्रणाली लिनक्सवरच तयार केली. केरळच्या सरकारी शाळांतील मुले संगणक शिकतात तेही लिनक्सवरच. तेव्हा हा कोणाच्या नादाला लागून केलेला आडमार्ग आहे, असे पालकांनी समजू नये.

संगणक जागा कसा होतो?

दुरुस्ती करायची तर बटण दाबल्यापासून स्क्रीनवर चित्र येईपर्यंत आत काय घडते ते माहीत पाहिजे. कारखान्याची पहिली पाळी डोळ्यांपुढे आणा.

सर्वांत आधी फाटकावर रखवालदार येतो. संगणकातील हा रखवालदार म्हणजे बायोस. नवीन यंत्रांत त्याच्या जागी यूईएफआय असते. तो आधी दिवे, कुलपे, मेमरी, कीबोर्ड जागेवर आहेत का ते पाहतो. कंपनीचे चिन्ह स्क्रीनवर दिसते ते याच वेळी.

रखवालदाराच्या खिशात एक चिठ्ठी असते. कोणते दार आधी उघडून पाहायचे, दुसरे कोणते, तिसरे कोणते, हे त्या चिठ्ठीवर लिहिलेले असते. हिला बूट ऑर्डर म्हणतात. पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क, विंडोजचे दार, लिनक्सचे दार अशी ती यादी असते.

दार उघडल्यावर आत मुकादम भेटतो. लिनक्समधील या मुकादमाचे नाव ग्रब. जुन्या पद्धतीत त्याची पहिली खूण डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या ५१२ बाइटच्या जागेत असते. नव्या यूईएफआय पद्धतीत डिस्कवर त्याच्यासाठी एक छोटा वेगळा कप्पा ठेवलेला असतो. लिनक्स की विंडोज, असे विचारणारी यादी दाखवतो तो हाच.

मुकादम हाक मारतो फोरमनला, म्हणजे कर्नलला. फोरमन हत्यारांची छोटी पेटी घेऊन येतो, तिने मुख्य गोदाम उघडतो आणि काम सुरू होते. शेवटी स्क्रीनवर रंगीत चित्र लागते आणि आपले नाव विचारले जाते.

आता लक्षात येईल की 'संगणक सुरू होत नाही' या एका वाक्यात चार-पाच वेगळी दुखणी लपलेली असतात. रखवालदार आला नाही, चिठ्ठी चुकली, मुकादम सापडला नाही, फोरमनला गोदाम उघडता आले नाही, की काम चालू आहे पण दिवाच लागला नाही? कोठे अडले ते स्क्रीनच सांगते. म्हणून पहिले काम हे की, स्क्रीनवर जे दिसेल त्याचा मोबाइलने फोटो काढावा. इंग्रजी कळत नसले तरी काढावा. कळणाऱ्याला तो दाखवता येतो.

स्क्रीन काय सांगते, आपण काय करावे

१. काहीच दिसत नाही, कंपनीचे चिन्हही नाही. अशा वेळी लिनक्सला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याची पाळी अजून आलेलीच नाही. वीज, वायर, मॉनिटरची केबल तपासावी. प्रिंटर, पेनड्राइव्ह, सर्व काढून पुन्हा सुरू करावे. टेबलावरचा संगणक बीप बीप वाजत असेल तर बीप मोजून ठेवावेत. ती रखवालदाराची भाषा आहे. पुष्कळदा मेमरीची पट्टी सैल झालेली असते.

२. चिन्ह दिसते, मग 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'ऑपरेटिंग सिस्टम नॉट फाउंड' असे येते. रखवालदार आला, पण त्याला दार सापडले नाही. आधी पाहावे की लिनक्स ज्या पेनड्राइव्हवरून टाकले तो अजून लागलेला तर नाही? मग संगणक सुरू होताना बूट मेनूची कळ दाबावी. डेल आणि लेनोव्होच्या बऱ्याच यंत्रांत ती एफ १२ असते, एचपीमध्ये आधी एस्केप आणि मग एफ ९. आलेल्या यादीत डिस्कचे किंवा लिनक्सचे नाव निवडून पाहावे. संगणक चालू झाला, तर दुखणे फक्त चिठ्ठीचे आहे. बायोसमध्ये जाऊन ते नाव यादीत सर्वांत वर आणावे.

नावच दिसत नसेल तर पद्धतीचा मेळ तपासावा. बायोसमध्ये 'लेगसी' आणि 'यूईएफआय' अशा दोन पद्धती असतात. लिनक्स एका पद्धतीत टाकले आणि यंत्र दुसऱ्या पद्धतीवर असले, तर रखवालदार चुकीच्या फाटकावर मुकादमाला शोधत बसतो. पद्धत बदलून पाहावी. मात्र बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे मागे येता येते.

३. लिनक्स टाकले, पण सरळ विंडोजच सुरू होते. येथे काहीही बिघडलेले नाही. चिठ्ठीत विंडोजचे दार वर आहे एवढेच. वरचाच उपाय करावा.

४. उलट घडते, लिनक्स येते आणि विंडोज यादीत दिसत नाही. हे पाहून अनेकांना रडू कोसळते. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या प्रणाली शोधण्याचे काम मुळातच बंद ठेवलेले असते, म्हणून काही यंत्रांत विंडोजचे नाव यादीत येत नाही. बूट मेनूची कळ दाबून 'विंडोज बूट मॅनेजर' मिळतो का ते पाहावे. मिळाला, तर विंडोज सुखरूप आहे. त्याचे नाव यादीत आणण्याचे काम सवडीने करता येते.

५. 'ग्रब रेस्क्यू' असे शब्द आणि पुढे चमकणारी रेघ. मुकादम भेटला, पण त्याचा हजेरीपट ज्या कप्प्यात होता तो कप्पा त्याला सापडत नाही. कोणी डिस्कचा एखादा भाग पुसला, वाटणी बदलली किंवा ग्रब एका डिस्कवर आणि लिनक्स दुसऱ्या डिस्कवर गेले, की असे होते. येथे मुकादम नव्याने नेमावा लागतो. लिनक्स मिंटच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केले तर मेनूतील 'अॅडमिनिस्ट्रेशन' या भागात 'बूट रिपेअर' नावाचे साधन मिळते. ते उघडून 'रेकमेंडेड रिपेअर' हे बटण दाबावे. इंटरनेट चालू असावे आणि ज्या पद्धतीत लिनक्स टाकले त्याच पद्धतीत पेनड्राइव्ह सुरू केलेला असावा. आपल्या फाइलींना ही दुरुस्ती हात लावत नाही.

६. यादी दिसते, लिनक्स निवडले की स्क्रीन काळी. पंखा फिरतो, डिस्कचा दिवा लुकलुकतो, चित्र मात्र नाही. कारखाना चालू आहे, पण दिवे लागलेले नाहीत. दोष सहसा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरचा असतो, विशेषतः एनव्हिडियाच्या कार्डात. ग्रबच्या यादीत लिनक्सच्या नावावर येऊन रोमन 'ई' हे अक्षर दाबावे. लिनक्स या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ दिसेल. तिच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' हा शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत, सलग टाइप करावा आणि एफ १० दाबावी. चित्र आले तर निदान झाले. हा बदल तेवढ्या वेळेपुरताच असतो. आत गेल्यावर ड्रायव्हर मॅनेजरमधून योग्य ड्रायव्हर टाकावा. ग्रबची यादीच दिसत नसेल, तर सुरू होताना एस्केप हळूहळू दाबत राहावे. जुन्या पद्धतीच्या यंत्रात शिफ्ट धरून ठेवावी.

७. 'कर्नल पॅनिक'. नाव भीतीदायक आहे, पण बहुधा नवा फोरमन रुजू होताना काही अर्धवट राहिलेले असते. ग्रबच्या यादीत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जुना कर्नल असेल तर तो निवडावा. नुकतेच लिनक्स टाकले असेल आणि पहिल्याच वेळी हे आले, तर पेनड्राइव्हवरची प्रत सदोष आहे का ते पाहून पुन्हा टाकावे.

८. 'इनिट-रॅम-एफएस' असा शब्द येऊन यंत्र थांबते. फोरमनची पेटी उघडली, पण गोदामाचे दार अडकले आहे. वीज जाऊन यंत्र अचानक बंद पडले की असे होते. स्क्रीनवर 'एफएससीके' चालवा असा संदेश आणि डिस्कच्या त्या भागाचे नाव दिलेले असते. ही चार अक्षरे आणि ते नाव रोमन लिपीत टाइप केले की डिस्कची तपासणी सुरू होते. पण डिस्क कट-कट असा आवाज करत असेल तर हे करू नये. ती डिस्क खरोखर आजारी आहे. आधी कागदपत्रे बाहेर काढावीत.

९. निळी स्क्रीन. ती दोन प्रकारची असते. एकीवर 'मोक मॅनेजमेंट' लिहिलेले असते. लिनक्स टाकताना तुम्ही एक पासवर्ड ठरवला होता, तोच ती मागते. 'एनरोल मोक' निवडून तो द्यावा. दुसरी बिटलॉकरची असते. विंडोजने डिस्कला कुलूप लावलेले असते आणि सुरू होण्याची पद्धत बदललेली पाहून ते ४८ आकड्यांची किल्ली मागते. ही किल्ली बहुधा विंडोजच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. दुसऱ्या मोबाइलवरून खात्यात जाऊन ती पाहता येते. किल्लीशिवाय ते कुलूप उघडत नाही, हे दुकानदारालाही लागू आहे.

आधी कागदपत्रे, मग दुरुस्ती

घराला आग लागली तर आपण आधी माणसे बाहेर काढतो, भांडी नंतर. येथेही तोच क्रम ठेवावा. जात पडताळणीचे प्रमाणपत्र, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आजी-आजोबांचे फोटो हे पुन्हा मिळवायला किती फेऱ्या माराव्या लागतात हे आपल्या घरांना सांगायला नको.

उपाय सोपा आहे. दुसऱ्या कोणाच्या चालू संगणकावर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट किंवा उबुंटूची प्रत तयार करून घ्यावी. रुफस नावाचे मोफत साधन हे काम करते. मात्र त्या पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व पुसले जाते, म्हणून तो रिकामा असावा. मग अडलेल्या यंत्राला तो लावून बूट मेनूतून सुरू करावा आणि लिनक्स टाकण्याचा नव्हे, तर केवळ वापरून पाहण्याचा पर्याय निवडावा. संगणक पेनड्राइव्हवरूनच चालू होतो. आतल्या डिस्कवर आपण सांगितल्याशिवाय काहीही लिहिले जात नाही. फाइलींच्या खिडकीत डिस्क उघडून हवे ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावे.

विंडोजचा भाग फक्त वाचता येतो, त्यात लिहिता येत नाही, असे कधी कधी दिसते. विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपलेले असले की असे होते. त्याची काळजी करू नये, कारण आपल्याला फक्त बाहेर काढायचे आहे.

एकच गोष्ट अशी आहे की जिने माल खरोखर जातो. लिनक्स टाकताना 'पूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडला गेला असेल, तर जुन्या फाइली गेल्या असे धरावे. त्या वेळी यंत्र ताबडतोब बंद करून ठेवावे आणि पुन्हा काही टाकू नये. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून काही फाइली परत मिळू शकतात. एसएसडी असेल तर आशा फारच थोडी.

पहिल्या दिवशी चालला, दुसऱ्या दिवशी नाही

आमच्या ओळखीच्या एका चाळीत घडलेली गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीसाठी घरच्यांनी वापरलेला टेबलावरचा संगणक घेतला होता. त्यावरचे विंडोज फार सुस्त झाले, म्हणून तिच्या मावसभावाने घरातील कागदपत्रे आधी पेनड्राइव्हवर काढली, डिस्क पुसून मिंट टाकले आणि कागदपत्रे परत संगणकावर ठेवली. पेनड्राइव्ह दुसऱ्याचा होता, तो रिकामा करून परत गेला. संध्याकाळभर संगणक छान चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस'.

दुकानदार म्हणाला, "ताई, डिस्क गेली. नवीन टाकावी लागेल. चार हजार होतील, आणि जुन्यातलं काही मिळणार नाही." शिष्यवृत्तीच्या फॉर्मची मुदत चार दिवसांवर होती. मुलीच्या आईने संगणक तसाच रिक्षात घालून घरी आणला.

शेजारच्या खोलीत वायरमनचे काम शिकणारा एक मुलगा राहतो. तो पेनड्राइव्ह घेऊन आला. यंत्र पेनड्राइव्हवरून सुरू झाले, डिस्क दिसली आणि सर्व कागदपत्रे जागेवर होती. ती आधी उतरवून घेतली. मग त्याने विचारले, "काकी, रात्री तुम्ही काय करता?" काकी म्हणाल्या, "काय करणार? झोपताना बोर्डातून पिन काढून ठेवते. लाइट कमी-जास्त होते ना."

त्याने बायोस उघडून घड्याळ पाहिले. तारीख कित्येक वर्षे मागची होती. मग उलगडा झाला. संगणकाच्या मुख्य पाटीवर सीआर २०३२ नावाची, रुपयासारखी गोल, ३ व्होल्टची बॅटरी असते. रखवालदाराची चिठ्ठी आणि घड्याळ तिच्या जोरावर टिकतात. ती बॅटरी संपली होती. मावसभावाने मिंट टाकताना यूईएफआय पद्धत लावली होती. रात्री पिन काढली की यंत्र ते विसरून मूळच्या लेगसी पद्धतीवर जात होते. जुने विंडोज लेगसी पद्धतीतच टाकलेले असल्यामुळे इतके दिवस कोणाला पत्ता लागला नव्हता. फक्त घड्याळ चुकत होते आणि तिकडे कोणी पाहत नव्हते. शंभर रुपयांच्या आत मिळणारी बॅटरी बदलली, पद्धत पुन्हा यूईएफआय केली आणि संगणक सुरू झाला. फॉर्म मुदतीत भरला गेला.

यात दुकानदाराने लबाडीच केली असे आम्ही म्हणत नाही. त्याने दोन मिनिटे पाहून अंदाज सांगितला असेल. पण चार हजार रुपये आणि घरातील कागदपत्रे अंदाजावर सोडण्याइतकी स्वस्त नाहीत.

दोष नेहमी आपल्या मुलांचाच नसतो

घरात यंत्र अडले की टाकणाऱ्या मुला-मुलीवर सर्वांचा राग निघतो. पालकांनी पुढील दोन घटना लक्षात ठेवाव्यात. २०१७ च्या शेवटी उबुंटू १७.१० या आवृत्तीतील एका दोषामुळे लेनोव्हो आणि इतर काही कंपन्यांच्या ठरावीक लॅपटॉपचे बायोस बिघडू लागले. बदल साठवले जाईनात आणि पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू होईना. डिसेंबरमध्ये ती आवृत्ती मागे घेण्यात आली आणि जानेवारी २०१८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा दिली गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा-दुरुस्तीनंतर, दोन्ही प्रणाली एकत्र असलेल्या अनेक यंत्रांवरचे लिनक्स सुरू होईनासे झाले. काही तरी गंभीर बिघडले आहे, असा संदेश स्क्रीनवर येत होता. बायोसमधील सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लोकांनी मार्ग काढला. मोठमोठ्या कंपन्यांच्या हातून जे होते, ते सोळा वर्षांच्या मुलाकडून झाले तर त्याला मारू नये. त्याच्या शेजारी बसून स्क्रीनवर काय लिहिले आहे ते विचारावे.

लिनक्स टाकण्यापूर्वी

पुढील गोष्टी आधीच केल्या तर निम्मा त्रास टळतो.

महत्त्वाच्या फाइली दोन ठिकाणी ठेवाव्यात. एक प्रत पेनड्राइव्हवर आणि तो पेनड्राइव्ह काम पूर्ण होऊन आठवडा जाईपर्यंत पुसू नये.

लिनक्स आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावे. आवाज, वायफाय, कीबोर्ड, चित्र सर्व चालते का ते तासभर पाहावे.

यंत्र ३२ बिटचे आहे का हे विचारून घ्यावे. फार जुन्या यंत्रांत ६४ बिटची प्रणाली सुरूच होत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही ३२ बिटच्या जुन्या संगणकांसाठी प्रणाली टाकण्याची सोय बंद केली आहे.

विंडोज ठेवायचे असेल तर त्यातील 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे आणि बिटलॉकरची किल्ली वहीत लिहून ठेवावी.

लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच काम करावे. भारनियमनाच्या वेळेत तर हे काम मुळीच काढू नये.

डिस्क पुसण्याचा प्रश्न आला की थांबावे, पुन्हा वाचावे आणि घरातील दुसऱ्या माणसाला वाचून दाखवावे.

दुकानात न्यावेच लागले तर

प्रत्येक दुखणे घरी बरे होणार नाही. मुख्य पाटी जळाली, डिस्क खरोखर गेली, तर दुकानाशिवाय इलाज नाही. पण तेथे हात जोडून उभे राहू नये. तीन गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. यंत्र नेमके कोठे अडले आहे? डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून पाहिली का? फॉरमॅट करण्याआधी फाइली काढून देणार का आणि त्याचे किती घेणार? उत्तर मिळेपर्यंत फॉरमॅटला होकार देऊ नये. फाइली काढल्याशिवाय डिस्क पुसू नये, असे पावतीवर लिहून घ्यावे. जुनी डिस्क बदलली तर ती आपल्याला परत मागून घ्यावी. ती आपली आहे आणि तिच्यात आपल्या घरातील कागदपत्रे आहेत.

वस्तीतील अभ्यासिकांना आमची एक सूचना आहे. मिंटची प्रत असलेला एक पेनड्राइव्ह, सीआर २०३२ बॅटऱ्या दोन आणि एक छोटा स्क्रूड्रायव्हर एवढे सामान कपाटात ठेवावे आणि ते वापरायला किमान दोन मुली व दोन मुलगे तयार करावेत. हा खर्च एका फॉरमॅटच्या खर्चापेक्षा कमी आहे. परीक्षेच्या किंवा फॉर्मच्या आदल्या रात्री कोणाचा संगणक अडला, तर त्या घराला दार ठोठावण्यासाठी एक जागा असेल.